दिलेली अक्षरं असलेले इंग्रजी शब्द शोधायची पद्धत कोणाकडे आहे का?

माडाची_झावळी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. मराठी कीबोर्डवरून लिहितोय म्हणून इंग्रजी अक्षरं सुटी सुटी लिहीन, सांभाळून घ्या.

म्हापशात राहतो, लेक आठवीत आहे. पावसाळ्यात संध्याकाळी आमच्याकडे वीज गेली की इन्व्हर्टरच्या एका दिव्याखाली मी, लेक आणि माझी आई असे तिघं शब्दांचे खेळ खेळत बसतो. आई ८१ वर्षांची आहे, पोर्तुगीज राजवटीत सेगुंद ग्राव (तेव्हाची प्राथमिक शाळेची परीक्षा) झालेली, मराठी घरात शिकली आणि इंग्रजी तर लग्नानंतर पेपर वाचून वाचून. गेल्या आठवड्यात लेकीला शाळेतून काम मिळालं, जी, ओ आणि ए ही तीन अक्षरं असलेले जास्तीत जास्त इंग्रजी शब्द लिहून आणा. गोव्याचंच स्पेलिंग दिलं होतं म्हणून पोर खूश. गोट आणि गोल लिहून झाले आणि गाडी अडली. मग आई म्हणाली मँगो, कारण पोर्तुगीजमध्ये आंब्याला मांगा म्हणतात आणि इंग्रजांनी तो शब्द तिथूनच उचलला. मग कार्गो, वॅगन, सागो, लगून, ड्रॅगन, आणि खवले मांजराचं पँगोलिन. रात्री साडेदहापर्यंत ३४ शब्द झाले.

दुसऱ्या दिवशी वहीत ३४ पैकी २९ शब्दांवर काट! का तर म्हणे तिन्ही अक्षरं त्याच क्रमाने चिकटून यायला हवी होती. असं प्रश्नात कुठेच लिहिलेलं नव्हतं. लेक घरी येऊन न जेवता झोपली, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतंय, कारण ती आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीच्या गृहपाठाला इतकी रमली होती.

तर विचारायचं असं, की अशा प्रश्नाचा नेमका अर्थ काय धरायचा, आणि नुसतं छताकडे बघत बसण्यापेक्षा शब्द शोधायची काही रीत आहे का? वेबसाइटवर अक्षरं टाकली की यादी येते ते माहीत आहे, पण तसं केलं तर पोरीचं शोधणंच गेलं ना.

अबोली

झावळीभाऊ, आधी लेकीला सांगा की तिचे ३४ च्या ३४ शब्द बरोबर आहेत. मी २७ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, त्या अधिकाराने सांगतेय.

घोळ असा की "ही अक्षरं असलेला शब्द" या एका वाक्यात चार-पाच वेगळे प्रश्न लपलेले असतात. अक्षरं तीच आणि तेवढीच, फक्त जागा बदलायच्या, तर जी-ओ-ए चा एकच शब्द होतो, अगो, म्हणजे पूर्वी. अक्षरं चिकटून त्याच क्रमाने हवीत तर गोट, गोल, स्केपगोट. क्रम तोच पण मध्ये दुसरी अक्षरं आली तरी चालतील असं असेल तर ग्लोबल येतो, गोंडोला येतो, जिऑग्रफी येतो. आणि क्रम कसाही, वाढीव अक्षरं कितीही, हा सगळ्यात मोकळा प्रश्न, त्यात तुमच्या आईंचा मँगो बसतो. उलट स्क्रॅबलमध्ये हातात सात अक्षरं असतात आणि त्यातूनच शब्द करायचा, बाहेरचं अक्षर घ्यायचं तर ते पटावरचं. तो आणखी निराळा प्रश्न. यातला कुठला विचारलाय ते ज्याने विचारलं त्यानेच सांगायचं असतं, मुलाने ओळखायचं नसतं.

तुमच्या आईंना माझा नमस्कार. मांगाचं त्यांनी अगदी बरोबर सांगितलं, पोर्तुगीजांकडे तो मल्याळममधून आला.

खाजेखाऊ

मस्त धागा, वाचनखूण साठवली. आम्ही हा खेळ गाडीत खेळतो. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की पुढच्या गाडीचा नंबर बघायचा, जीए तर असतोच, त्यात सिरीजचं अक्षर मिळवायचं आणि तिन्ही अक्षरं असलेला शब्द सांगायचा. जीए ०३ आणि पुढे के असेल तर बेकिंग, कयाकिंग. माझा भाचा सहावीत आहे, तो आता मला हरवतो.

अजून एक, फेणीची चार अक्षरं फिरवून बघा, एफ-ई-एन-आय. फाइन होतं!

माडाची_झावळी

अबोलीताई, लेकीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने वहीत तो उतरवून घेतलाय, चारही प्रकार उदाहरणांसकट. देव बरें करूं.

अबोली

आता रीत सांगते. माझ्या वर्गात उपयोगी पडलेली.

पहिलं म्हणजे सगळ्यात दुर्मिळ अक्षर धरायचं. इंग्रजीत ई सगळ्यात जास्त येतो, मग टी, ए, ओ, आय, एन असा क्रम लागतो. जुन्या छापखान्यातल्या लायनोटाइप यंत्राच्या कळासुद्धा याच हिशोबाने मांडलेल्या असायच्या. स्क्रॅबल ज्याने बनवला तो आल्फ्रेड बट्स न्यूयॉर्कचा आर्किटेक्ट, १९३० च्या मंदीत काम गेलं होतं त्याचं, त्याने वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजून गुण ठरवले. म्हणून इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० ठोकळ्यांत ई १२ आहेत, एक-एक गुणाचे, आणि क्यू आणि झेड एकेकच, दहा-दहा गुणांचे. तर अक्षरांच्या संचात जे, क्यू, झेड, एक्स असलं काही असेल तर मुलं घाबरतात, पण खरं म्हणजे तिथेच काम सोपं होतं कारण शोधायचा ढीग लहान होतो. ई असलेले शब्द आठवायला गेलात तर सगळी डिक्शनरी समोर येईल, झेडचे मोजकेच.

दुसरं, शेपट्या बाजूला काढायच्या. आय-एन-जी दिसले की ते शेवटी ठेवून बाकीच्यांकडे बघायचं. तसंच ई-डी, ई-आर, एम-ई-एन-टी, टी-आय-ओ-एन. संच अर्धा तिथेच संपतो.

तिसरं आणि मुलांना सगळ्यात आवडणारं, अक्षरं ओळीत लिहायचीच नाहीत, गोल लिहायची. ओळीत लिहिली की डोळा त्याच क्रमाने वाचत राहतो, गोलात सुरुवातच सापडत नाही म्हणून डोळा नवीन जोड्या करायला लागतो. क्रॉसवर्ड सोडवणारे लोक वर्षानुवर्षं असंच करतात.

खाजेखाऊ, तुमचा गाडीनंबरचा खेळ मी माझ्या नातवासाठी घेतला हां.

तेरेखोलपार

माझा एक प्रश्न, क्यूच्या मागे यू नसलेले शब्द असतात का? मुलगा म्हणतो असतात, मी म्हणते नाही.

अबोली

असतात, मुलगा जिंकला. स्क्रॅबलसाठी कॉलिन्सची जी यादी वापरतात तिच्यात क्यू-आय हा दोन अक्षरी आहे. आणि गंमत म्हणजे त्यातले कितीतरी आपल्या ओळखीचे, तलाक, फकीर, कव्वाली, तिन्ही क्यू घालून लिहिलेले.

गणितवाला

फोंड्याहून. अबोलीताईंच्या यादीत एक भर, अक्षर किती वेळा हवं ते आधी मोजा. माझ्या दहावीच्या मुलांना मी मडगावचं स्पेलिंग दिलं, एम-ए-आर-जी-ए-ओ, आणि म्हटलं ही सगळी अक्षरं असलेला शब्द आणा. पाच मिनिटांत तिघं मॅरीगोल्ड घेऊन आले, झेंडूचं फूल. दिसायला एकदम बरोबर, पण मडगावात ए दोन आहेत आणि मॅरीगोल्डमध्ये एक. बरोबर उत्तर शेवटी ज्या मुलीच्या वडिलांची हृदयाची तपासणी झाली होती तिने दिलं, कार्डिओग्राम.

खाजेखाऊ

सर हे भारी आहे! आपण गोव्याचे सगळे तालुके आणि शहरं घेऊया का? मी सुरू करते. वास्को, व्ही-ए-एस-सी-ओ, ओव्हरकास्ट. जून ते सप्टेंबर वास्कोचं आभाळ.

गणितवाला

फोंडा, पी-ओ-एन-डी-ए. पार्डन. माझं गाव मीच सोडवलं.

माडाची_झावळी

म्हापसा लेकीने काढला, पावणेतास लागला. एम-ए-पी-यू-एस-ए, मार्सुपियल, म्हणजे कांगारूसारखे पोटाला पिशवी असलेले प्राणी. अबोलीताईंच्या सांगण्याप्रमाणे आधी यू धरला, मग पी आणि यू जवळ ठेवून बघत होती. विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द वाचला होता म्हणाली. आज पोटभर जेवली.

आणि आमचा बार्देश तालुका, बी-ए-आर-डी-ई-झेड, एकही अक्षर न वाढवता ब्रेझ्ड होतो! भांडं पितळेचा डाग देऊन जोडतात ते. हा आईने काढला, झेड धरून. लहानपणी दारावर भांडी जोडणारे यायचे त्यांची आठवण काढत बसली मग.

मडगावकरीण

माझाही सासष्टी अख्खा बसला, एकही अक्षर जास्त नाही!! एस-ए-एल-सी-ई-टी-ई चं सेलेस्टा. मी पियानो शिकवते म्हणून हे लगेच दिसलं असेल, पण दिसल्यावर अंगावर काटा आला. सेलेस्टा म्हणजे छोट्या पियानोसारखं दिसणारं वाद्य, पण आत तारांऐवजी पोलादाच्या पट्ट्या असतात, हातोड्या त्यांच्यावर पडतात म्हणून घंटीसारखा आवाज येतो. १८८६ साली पॅरिसमध्ये मुस्तेल नावाच्या कारागिराने बनवलं आणि चायकोव्हस्कीने बॅलेत वापरलं तेव्हापासून जगाला माहीत झालं. आमच्या सासष्टीत घराघरात व्हायोलिन वाजायचं, मांडे ही आमची कोकणी गाणी गायचे लोक, तियात्र हे कोकणी नाटक तर अजून जोरात आहे, आणि या तालुक्याच्या नावातून एक वाद्यच निघावं! मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना सांगितलं.

तेरेखोलपार

पेडणे माझं. पी-ई-आर-एन-ई-एम. पर्मनंट. एक्सपेरिमेंट पण होतो.

सांगेचा_मुलगा

सांगे, एस-ए-एन-जी-यू-ई-एम, मॅग्नेशियम आणि आर्ग्युमेंट्स. केपे, क्यू-यू-ई-पी-ई-एम, इक्विपमेंट. मी बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये आहे, रात्री दीड वाजता हे करत बसलोय, उद्या ऑफिसात स्टँडअप मीटिंग आहे.

अबोली

थांबा थांबा, तुम्ही दोघांनी न कळत एक गोष्ट दाखवली. पेडणे, केपे, सांगे, तिघांना एम-ई-एन-टी ची शेपटी लागली. एक्सपेरिमेंट, इक्विपमेंट, आर्ग्युमेंट्स. हा योगायोग नाही.

तिन्ही नावांच्या शेवटी इंग्रजी स्पेलिंगमध्ये ई-एम आहे, आणि ते इंग्रजांचं नाहीच, पोर्तुगीजांचं आहे. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटी एम लिहिला की तो म चा उच्चार नसतो, आधीचा स्वर नाकातून म्हणायची ती खूण असते. आपण कोकणीत पेडणें, केपें, सांगें म्हणतो ना, त्या शेवटच्या टिंबाचा तो एम आहे. अनुस्वार ऐकून त्यांनी एम लिहिला, आणि आज पर्यटक येऊन पेर्नेम, केपेम म्हणतात, ओठ मिटून. डिचोलीचं बिचोलिम आणि पणजीचं पंजिम त्याच वाटेने झालं. म्हणून गोव्याच्या गावांची नावं घेऊन हा खेळ खेळायला बसलात तर एम पुन्हा पुन्हा हातात येणार, आणि एमबरोबर ई असेल तर आधी मेंट लावून बघा.

माडाची_झावळी

ताई, हे वाचून दाखवलं तर आई दोन मिनिटं गप्प बसली. म्हणाली आम्हाला शाळेत हा एम नाकातून म्हणायला लावायचे, पण गावाच्या नावात तोच आहे हे ८१ वर्षांत कधी लक्षात आलं नाही.

सांगेचा_मुलगा

अबोलीताई __/\__

आता कॉम्प्युटरवाली बाजू लिहितो, म्हणजे वेबसाइट आतून काय करते ते कळेल. झावळीदादा, लेकीला कोडिंग आवडत असेल तर हे तिने स्वतः लिहावं, ती कॉपी नाही होत, तोही एक शोधच आहे.

शब्दांची एक साधी फाइल लागते, एका ओळीत एक शब्द. लिनक्सवर बहुतेक वेळा ती मिळतेच. मग ग्रेप नावाचा जुना प्रोग्रॅम आहे, केन थॉम्पसनने १९७३ च्या सुमारास लिहिलेला, तो फाइलमधल्या ज्या ओळींत तुमचं अक्षर आहे तेवढ्या बाहेर काढतो. जी असलेल्या ओळी काढा, त्यातून ओ असलेल्या, त्यातून ए असलेल्या. तीन चाळण्या एकाखाली एक, पीठ चाळल्यासारखं. इथेही ताईंचा नियम चालतो, दुर्मिळ अक्षराची चाळण सगळ्यात वर लावली तर खालच्यांना काम कमी.

आणि अक्षरं तीच, फक्त क्रम वेगळा, असे शब्द हवे असतील तर प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावून टाकायची. लिसन, सायलेंट, एन्लिस्ट, टिन्सल, चारही शब्द क्रमाने लावले की ई-आय-एल-एन-एस-टी असे एकसारखे दिसतात. तो झाला त्यांचा सामायिक पत्ता. एका पत्त्यावर राहणारे सगळे सोबत येतात, जागा बदलून बदलून बघायची गरज नाही. सहा अक्षरांच्या ७२० जागा होतात, आठ अक्षरांच्या ४०,३२०, त्या वाटेला जायचंच नाही.

गणितवाला

मुलाने छान सांगितलं. याहून मला आवडणारी एक रीत आहे, मूळ संख्यांची. ए ला २ द्या, बी ला ३, सी ला ५, डी ला ७, अशा २६ अक्षरांना क्रमाने २६ मूळ संख्या. शब्दातल्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करा. गोव्याचं, जी १७, ओ ४७, ए २, गुणाकार १,५९८. आता ज्या ज्या शब्दाच्या गुणाकाराला १,५९८ ने पूर्ण भाग जातो त्यात गोवा आहेच, आणि भाग जात नसेल तर नाहीच. मँगोचा गुणाकार २८,१७,२७४. भागून बघा, भागाकार १,७६३ येतो, आणि तो म्हणजे ४१ गुणिले ४३, एम आणि एन, मँगोमधली उरलेली दोन अक्षरं!

मॅरीगोल्ड इथे आपोआप पकडला जातो. मडगावात ए दोनदा आहे म्हणजे २ दोनदा, ४ ने भाग जायला हवा, मॅरीगोल्डला जात नाही. एका संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हे आपण सहावी-सातवीत शिकवतो तेव्हा पोरं विचारतात सर याचा उपयोग काय. मी आता वर्गात हे करतो. लांब शब्दांना आकडे फार मोठे होतात, कागदावर पाच-सहा अक्षरी शब्दच घ्यावेत.

खाजेखाऊ

सर मी भाच्याला कॅल्क्युलेटर देऊन बसवलंय, कार्गो करतोय.

गणितवाला

४,८७,३९० यायला हवं.

खाजेखाऊ

आलं!

मडगावकरीण

तालुके पुढे न्या ना. तिसवाडी कोणी काढला? टी-आय-एस-डब्ल्यू-ए-डी-आय. दोन आय आणि डब्ल्यू, माझं डोकं दुखायला लागलं.

तेरेखोलपार

विदस्टँडिंग. डब्ल्यू धरला, मग शेवटी आय-एन-जी ठेवला तर एक आय तिथे संपला, दुसरा विद मध्ये. ताईंच्या दोन्ही नियमांनी सुटला. सत्तरी पण झाला, त्यात टी दोन आणि ए दोन, अ‍ॅरिस्टोक्रॅट.

अबोली

वा! राणे सरदारांच्या सत्तरीला अ‍ॅरिस्टोक्रॅट, शोभलं.

डिचोली माझं गाव म्हणून कोणाला दिलं नव्हतं, दोन दिवस स्वतःच बसले. बी-आय-सी-एच-ओ-एल-आय-एम. कोलियाम्बिक. ग्रीक कवितेतलं एक वृत्त आहे ज्याचा शेवटचा गण मुद्दाम उलटा करतात म्हणून ओळ लंगडल्यासारखी वाटते. बीए ला असताना छंदांच्या पेपरात एकदा वाचलेला शब्द, चाळीस वर्षांनी डिचोलीने परत आणून दिला.

आणि आता पणजी. दोन स्पेलिंग आहेत, आताचं पी-ए-एन-ए-जे-आय आणि जुनं पी-ए-एन-जे-आय-एम. जे दुर्मिळ, म्हणून जे धरा. आताच्यासाठी जपॅनिंग मिळतो, लाकडाला किंवा पत्र्याला काळं चकचकीत रोगण देण्याचं काम. पण त्यात एम नाही, जुनी पंजिम बसत नाही. मला दोन्ही एकाच शब्दात हवी होती. रात्री चेंबर्स डिक्शनरीची जे ची पानं एकेक करून वाचत गेले आणि सापडला, जे-ए-एम-पी-ए-एन-आय, जंपानी. सातच अक्षरं. पणजीत एम घाला, नाहीतर पंजिममध्ये एक ए घाला, तोच शब्द होतो. जंपान म्हणजे हिमालयाकडच्या डोंगरी गावांत इंग्रज बायका जिच्यात बसून फिरायच्या ती खुर्चीची पालखी, आणि ती वाहणारा तो जंपानी. आपल्याकडे भाटकार म्हणजे जमीनदार लोक मचिलेत बसायचे, तसंच. शब्द कुठून कुठे फिरले बघा, आणि ती खांद्यावर वाहणारी माणसं इंग्रजी डिक्शनरीत एका कोपऱ्यात अजून उभी आहेत.

मडगावकरीण

ताई हे वाचून मी आत्ता डिक्शनरी कपाटातून काढली. किती वर्षं उघडलीच नव्हती.

सांगेचा_मुलगा

ताई ___/\___ हा माझ्या प्रोग्रॅमला सापडला नव्हता, माझ्या फाइलमध्ये हा शब्दच नाही. यादी जेवढी मोठी तेवढंच उत्तर, हे लक्षात ठेवायला हवं. वेबसाइटने "एकही शब्द नाही" म्हटलं तर तिच्या यादीत नाही एवढाच अर्थ.

बरं, काणकोण. सी-ए-एन-ए-सी-ओ-एन-ए. आधी मला वाटलं अ‍ॅनाकोंडा, जवळजवळ सगळं बसतं, तीन ए, दोन एन, ओ, पण सी एकच आहे. दुसऱ्या सी ने घात केला. प्रोग्रॅमने दिला तो अ‍ॅनाक्रॉनिकल, कालविसंगत.

मुरगाव सगळ्यात वाईट, एम-ओ-आर-एम-यू-जी-ए-ओ, दोन एम, दोन ओ आणि यू. मोनोगॅमस, एका अक्षराने चुकला, आर नाही. इम्युनॉलॉजिकल, परत आर नाही! शेवटी मिळाला न्यूरोइम्युनॉलॉजिकल, १८ अक्षरी. डोक्याने हा कोणी काढला असता असं वाटत नाही.

आता बारापैकी एकच राहिला, धारबांदोडा. २०११ मध्ये झालेला सगळ्यात नवा तालुका. डी-एच-ए-आर-बी-ए-एन-डी-ओ-आर-ए, ११ अक्षरं, तीन ए, दोन डी, दोन आर. माझ्याकडे तीन लाखांहून जास्त शब्दांची यादी आहे, एकही नाही.

गणितवाला

एका शब्दात नसेल तर दोन शब्दांत करा. अक्षरं तेवढीच, सगळी वापरायची.

सांगेचा_मुलगा

सर तीन शब्दांत आला, हार्ड बँड ओअर. अर्थ काही नाही त्याला. दोन शब्दांचं उद्या ऑफिसहून आल्यावर लिहितो.

खाजेखाऊ

हार्ड अँड बोअर पण होतो बघा, रानडुक्कर. तीनच शब्द पण तिकडच्या रानात आहेत तरी.

माडाची_झावळी

उद्याची वाट बघू नका.

आज संध्याकाळी सातला परत वीज गेली. लेकीने पाटीवर धारबांदोड्याची अकरा अक्षरं गोल मांडली, ताईंनी सांगितल्यासारखी. बी एकच आहे म्हणून बी धरला. ब्रँड करून बघितलं, बँड करून बघितलं, उरलेल्याचं काही होईना. मग बोर्ड, बी-ओ-ए-आर-डी. तेवढी पुसली आणि उरलेली सहा तशीच पाटीवर, डी-एच-ए-आर-एन-ए. ती म्हणाली हे काही इंग्रजी नाही वाटत, परत सुरू करते. आई पलीकडे वाती वळत बसली होती, चष्मा लावून वाकून बघितलं आणि मोठ्याने वाचलं, "धरणा."

लेकीला खरं वाटेना, म्हणून टॉर्च घेऊन आम्ही तिघांनी डिक्शनरी काढली. आहे. डी च्या पानावर, कोणाच्या दारात न्याय मिळेपर्यंत बसून राहणे, असाच अर्थ दिलाय.

धरणा आणि बोर्ड. अकराची अकरा अक्षरं संपली, मी तीनदा मोजली. बोर्डाचं ब्रॉड पण होतं.

लेकीने बारा तालुक्यांची यादी सुंदर अक्षरात नवीन वहीत लिहिलीय, प्रत्येकासमोर कोणी काढला त्यांचं इथलं नाव. सोमवारी मॅडमना दाखवणार आहे, तिने स्वतःच ठरवलं.

अबोली

झावळीभाऊ, आईंना सांगा, मला भेटायला यायचंय. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात येतेच मी.

माडाची_झावळी

जरूर या ताई. आई म्हणते सकाळीच या, जेवूनच जायचं, आणि येताना चेंबर्स आणा.